पूर ओसरल्यावरचे कर्तव्य

(पूरग्रस्तांच्या साहाय्यार्थ काम करू इच्छिणाऱ्या कार्यकर्त्यांपुढे केलेले भाषण)



मृग तोंडावर आला असताना आपण येथे जमलो, हे फार बरे झाले. पाणी उंबऱ्याला लागल्यावर सभा भरवणे म्हणजे वरातीमागून घोडे. २०१९ च्या ऑगस्टात आम्ही नेमके तेच केले, आणि त्या चुकांचा हिशेब आपल्यापुढे मांडावा एवढ्यासाठीच मी आज उभा आहे.

ते दिवस कोण विसरेल? कृष्णा, वारणा, पंचगंगा, दूधगंगा, वेदगंगा, घटप्रभा, मलप्रभा, साऱ्या नद्या एकाच वेळी पात्र सोडून धावल्या. सांगली-कोल्हापुरातील लाखो माणसे घराबाहेर पडली. शिरोळीजवळ महामार्ग पाण्याखाली जाऊन पुणे-बंगळूर वाहतूक कित्येक दिवस थांबली. इकडे निपाणी, चिकोडी, अथणी, गोकाक, खानापूर येथेही तोच हाहाकार होता. राधानगरीच्या डोंगरात कोसळलेला पाऊस खाली उतरताना कोणत्या राज्याची हद्द लागली हे विचारत नाही. मग साहाय्याने तरी ते का विचारावे? ८ ऑगस्टला ब्रह्मनाळ येथे माणसांनी गच्च भरलेली नाव उलटली आणि सुटकेच्या वाटेवरच कित्येकांना जलसमाधी मिळाली. साहाय्यास उशीर झाला की माणूस मिळेल त्या नावेत पाय ठेवतो, हा त्या दुर्घटनेचा धडा आहे.

त्या वेळी आम्ही एका शाळेत छावणी उघडली. मन उदार होते, पण अनुभव शून्य. पहिल्याच दिवशी आम्ही तांदूळ आणि डाळ वाटली. एक म्हातारी पदरात तांदूळ घेऊन तशीच उभी राहिली आणि म्हणाली, “बाळा, चूल कुठाय?” त्या एका प्रश्नाने आमचे डोळे उघडले. ज्याचे घर पाण्यात आहे त्याला पहिले तीन-चार दिवस शिजलेले अन्न हवे; शिधा हवा तो घरी परतताना. तीच गत कपड्यांची. गावोगावहून जुन्या कपड्यांचे ढीग आले. त्यांतील निम्मे फाटके, कित्येक ओले. ते निवडण्यात दहा माणसांचे दोन दिवस गेले. आपल्या घरातील अडगळ म्हणजे दान नव्हे. त्यापेक्षा एक कोरी सतरंजी, एक चादर आणि स्त्रियांना लागणारे कपडे द्यावेत. त्या गोष्टी मागण्यास स्त्रिया संकोचतात, म्हणून वाटपाच्या ठिकाणी आपल्या भगिनीच असल्या पाहिजेत.

अन्नाहून मोठी चिंता पाण्याची. पुरात चहूकडे पाणी असते, आणि पिण्यास घोटभर नसते. छावणीत माणशी दररोज किमान १५ लिटर पाणी पुरवावे, असे साहाय्यकार्याचे सर्वमान्य प्रमाण आहे. आरंभी पन्नास माणसांमागे निदान एक शौचकूप हवे, पुढे ते प्रमाण वीस माणसांमागे एक असे आणावे. विहिरीतील दर हजार लिटर पाण्यास सुमारे अडीच ग्रॅम चांगली ब्लीचिंग पावडर घालून निदान अर्धा तास थांबावे. पाणी गढूळ असेल तर ते आधी निवळू द्यावे. जुलाब लागलेल्या मुलास दवाखान्यात नेईपर्यंत एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवून ते घोट घोट पाजावे. हे ज्ञान प्रत्येक कार्यकर्त्याच्या तोंडी असले पाहिजे. चिखलात अनवाणी उतरणाऱ्यास लेप्टोचा ताप येऊ शकतो. ताप अंगावर काढू देऊ नका, लगेच डॉक्टरांकडे पाठवा.

आणि मुक्या जनावरांस विसरू नका. दावणीची म्हैस सोडून जायचे नाही म्हणून शेतकरी पाण्यात थांबतो, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले. वैरणीची सोय आधी केली तर माणूस वेळेत बाहेर पडतो.

आता खरे दुखणे सांगतो. पाणी ओसरले, छायाचित्रे निघाली, मोटारी परतल्या. आणि संकट तेव्हा सुरू झाले. मातीच्या भिंती पुरात उभ्या होत्या, त्या ऊन पडल्यावर ढासळल्या. याद्या तयार झाल्या त्या घराच्या उताऱ्यावरून. भाड्याच्या खोलीत राहून मोलमजुरी करणारी एक विधवा आमच्या छावणीत होती. घर तिच्या नावावर नाही, कागद वाहून गेलेले. यादीत तिचे नाव कसे येणार? आम्हीही तीच यादी प्रमाण मानली आणि तिला रिकाम्या हाती पाठवले. ती एक शब्द बोलली नाही. भांडली असती तर बरे झाले असते, असे मला आजही वाटते.

म्हणून माझी विनंती अशी. ज्यांना सरकारी यादीत जागा नाही, त्यांच्यासाठीच धर्मादाय संस्थेचे दार उघडे असते. सरकारला कागदावाचून चालत नाही, आपल्याला चालते. यास्तव कचेरीत बसून उंटावरून शेळ्या हाकू नका. गल्लीगल्लीत जा, कोण कोठे राहत होते हे शेजाऱ्यास विचारा आणि आपली स्वतंत्र नोंद करा. जात, भाषा, पक्ष यांचा रकानाच त्या वहीत नको. जमलेल्या पैशातील निम्मा भाग पहिल्या पंधरवड्यानंतरच्या कामासाठी राखून ठेवा, आणि पै-पैचा हिशेब गावच्या चावडीवर लावा. आज रांगेत उभा असलेला माणूस कालपर्यंत आपल्यासारखाच स्वतःच्या घराचा धनी होता. त्याला देताना आपली मान थोडी खाली असावी.

नदी पुन्हा येईल. त्या वेळी त्या विधवेसारखी एकही बाई आपल्या दारातून रिकाम्या हाती परत जाऊ नये, एवढा निश्चय करून आपण आज येथून उठू या.