दुरुस्त होऊन आलेली नवी गाडी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आजच्या दिवशी मी मोटारगाडीवर बोलणार म्हटल्यावर आपल्या चिटणीसबाईंच्या कपाळावर एक बारीकशी आठी उमटली होती. विषय पुरुषमंडळींचा, असे त्यांस वाटले असावे. परंतु माजरीत आज चाक कोणाच्या हाती असते ते पाहावे. सासूबाईंना चंद्रपूरच्या दवाखान्यात न्यायचे, मुलीला परीक्षेला वरोऱ्यास पोचवायचे, भद्रावतीच्या लग्नाला जायचे, तर पुष्कळ घरी गाडी आपणच काढतो. हप्ताही कित्येकींच्या पगारातून जातो. तेव्हा गाडी बिघडली म्हणजे ती कटकटही आपलीच असते.

नवी गाडी काही कारणाने शोरूमच्या वर्कशॉपमध्ये जाते. जो दोष सांगितला तो नाहीसा होतो, आणि गाडी घरी येते ती दुसराच दोष घेऊन. आपण म्हणतो, हे आधी नव्हते. ते म्हणतात, हे आम्ही केले नाही. या दोन वाक्यांच्या मध्ये गिऱ्हाईक अडकून पडते.

शिंप्याकडे बाही ढिली करायला दिलेला ब्लाऊज घरी आणावा, तो बाही ठीक आणि गळा मात्र ओढलेला, हा अनुभव कोणास नाही? एक शिवण उसवली की शेजारची हलते. गाडीचेही असेच आहे. एक भाग काढायचा तर त्याच्या वाटेतले दहा भाग आधी सोडवावे लागतात. एसीची कूलिंग कॉइल डॅशबोर्डच्या मागे असते. ती बदलायची म्हणजे कित्येक गाड्यांत सबंध डॅशबोर्ड बाहेर काढावा लागतो. त्याबरोबर तारांची जोडणी सुटते, प्लास्टिकच्या क्लिपा निघतात, त्यांतली एखादी मोडते, आणि सांगणारा कोणी नसतो. कॉइलवर साचणारे पाणी खाली सोडणारी एक नळी असते, ती नीट बसली नाही तर पाणी रस्त्यावर पडायचे ते आत पायाशी येते. चाकाकडचे काम झाले आणि अलाइनमेंट पाहिले नाही, तर गाडी एका बाजूस ओढते व टायर कडेने झिजतात. यांत दुष्टपणा क्वचितच असतो. बहुधा घाई असते.

आमच्याच घरची हकीकत सांगते. शोरूमचे नाव घेत नाही, त्याची जरूरही नाही. गाडीला दोन वर्षे व्हायची होती. मे महिन्यात एसी गार हवा देईना. आणि आपल्याकडचा मे म्हणजे काय, ते तुम्हांला मी काय सांगावे! वॉरंटीत कॉइल बदलून मिळाली. हवा झकास गार येऊ लागली. तिसऱ्या दिवशी धाकट्या जाऊबाई पुढे डावीकडे बसल्या होत्या, त्यांची चप्पल ओली झाली. चटईखाली पाणी! शिवाय समोर एअरबॅगचा लाल दिवा पेटलेला, तो विझेचना.

वर्कशॉपमधला मुलगा फोनवर अगदी गोड बोलला. "ताई, पावसाचं पाणी आत गेलं असेल." मे महिन्यात, पंचेचाळीस अंशांच्या उन्हात! दिव्याविषयी म्हणाला, "सेन्सर आहे, चालवत राहा, आपोआप जाईल." पाण्याचे एक वेळ हसून सोडता आले असते, पण तो दिवा हसण्यावारी नेण्याचा नव्हे. तो सतत पेटलेला असेल तर ऐन अपघाताच्या क्षणी एअरबॅग न उघडण्याचा धोका असतो. आणि माजरीच्या रस्त्यावर पुढे-मागे कोळशाचे ट्रक धावत असतात, हे काय मी सांगायला हवे?

आमची बाजू टिकली ती एका कागदावर. त्याला जॉबकार्ड म्हणतात. गाडी देताना त्यावर मी लिहवून घेतले होते: एसी गार करत नाही, आतून कोरडी, समोर इतर कोणताही दिवा पेटत नाही, इतके किलोमीटर झाले. तो कागद आणि ओल्या चटईचे छायाचित्र जोडून शोरूमला व कंपनीला ईमेल पाठवला. पुढच्या आठवड्यात त्यांनी गाडी परत घेतली. नळी निसटलेली निघाली, एअरबॅगच्या तारेचा जोड सैल निघाला. दोन्ही ठीक करून दिले, पैसे मागितले नाहीत. डॅशबोर्ड मात्र खड्ड्यात अजून करकरतो.

मात्र नंतर झाले म्हणजे त्यामुळेच झाले, असे नसते, हेही न्यायाने म्हटले पाहिजे. आपल्या इथल्या कोळशाच्या धुळीने हवेचे फिल्टर लवकर चोंदतात, रस्त्यांनी चाके हलतात. एसी दुरुस्त करून आणल्यावर महिनाभराने टायर फुटला, तर तो दोष वर्कशॉपच्या माथी मारू नये. जिथे त्यांनी हात घातला, त्याच्या आसपासचा दोष, आणि तो लगोलग, असे असले की आपला मुद्दा बळकट होतो. अशा वेळी पुन्हा नवे जॉबकार्ड उघडायला लावावे. तोंडी "आणून दाखवा" यावर राहू नये. स्कॅनर लावून गाडीच्या संगणकातल्या दोषनोंदी पाहतात, त्यांची छापील प्रत मागावी. आणि काम समाधानकारक झाल्याच्या कागदावर सही करण्यापूर्वी गाडी त्यांच्याच माणसाला शेजारी बसवून चालवून पाहावी. शिंप्याच्या दुकानात आपण घालून बघतोच की!

एवढे करूनही ऐकले नाही तर? ग्राहकाने संघटित व्हावे हा विचार महाराष्ट्रात जुना आहे. बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात १९७४ साली ग्राहक पंचायत सुरू केली, आणि ग्राहक संरक्षणाचा कायदा देशात त्यानंतर बारा वर्षांनी, १९८६ साली झाला. त्याची जागा घेणारा २०१९ चा कायदा २० जुलै २०२० पासून लागू आहे. नीट न केलेली दुरुस्ती ही त्या कायद्याने सेवेतली त्रुटी ठरते. वॉरंटीत फुकट झाले म्हणून बोलायचे नाही, असे कोणी म्हणेल तर ऐकू नये. वॉरंटी काही दान नव्हे, ती गाडीच्या किमतीतच आलेली असते.

आधी १९१५ या क्रमांकावर फोन करावा. मराठीतही बोलता येते. तेवढ्याने भागले नाही तर चंद्रपूरचा जिल्हा ग्राहक आयोग आहे. गाडी नागपूरला घेतली असली तरी तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, ही या नव्या कायद्याने केलेली मोठी सोय आहे. वकील लावलाच पाहिजे असे नाही. दिलेला मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, ५ ते १० लाखांपर्यंत २०० रुपये आणि १० ते २० लाखांपर्यंत ४०० रुपये. मुदत दोन वर्षांची. जी गाडी खाणीवर भाड्याने लावली आहे तिचे मात्र वेगळे आहे. धंद्यासाठी घेतलेल्या गाडीला हा कायदा नाही. स्वतः चालवून त्यावरच पोट भरणाऱ्यास सूट आहे.

मागावे काय, यातही तारतम्य हवे. "गाडीच बदलून द्या" असे रागाने म्हणावेसे वाटते. पण जम्मू-काश्मीरमधल्या क्लचच्या एका प्रकरणात २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, सदोष भाग बदलून देण्याने काम भागते तेथे सबंध गाडी बदलून देण्याचा हुकूम योग्य नव्हे. गाडी मुळातच सदोष होती हे सिद्ध करायला तज्ज्ञाचा अहवाल लागतो, आणि ते अवघड काम आहे. दुरुस्ती बिघडली हे दोन जॉबकार्डे शेजारी ठेवून दाखवता येते. म्हणून दोष काढून मागावा, झालेला खर्च आणि मनस्तापाची भरपाई मागावी. तक्रारीत शोरूम आणि कंपनी, दोघांची नावे घालावीत, पण कोणी काय केले ते निरनिराळे लिहावे. गोव्यात एका गृहस्थाला २०११ ची म्हणून २००९ ची गाडी दिली गेली होती. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यात विक्रेत्यालाच जबाबदार धरले, कंपनीचा हात दिसत नाही म्हणून तिला सोडले.

आमच्या त्या ईमेलचा मराठी मसुदा मी चिटणीसबाईंकडे दिला आहे. नाव, गाडीचा क्रमांक आणि तारखा बदलून कोणासही वापरता येईल. जॉबकार्ड वाचून घ्यायचे असेल तर तेही घेऊन यावे. दुपारी तीननंतर मी घरीच असते.