हुकूम कोणाचा?



पदवीच्या पहिल्या वर्षाला आलेल्या मुलांसमोर पहिल्या आठवड्यात मी भाषण करत नाही. टेबलं मांडते आणि पत्ते वाटते. एक्का ते सत्ती, 28 पानं. प्रत्येक टेबलावर नियमांचा कागद असतो. तो वाचून झाला की मी काढून घेते, आणि मग बोलायला बंदी. फेरी संपली की जिंकणारा पुढच्या टेबलावर, हरणारा मागच्या.

मुलांना माहीत नसतं, की प्रत्येक कागदावरचे नियम थोडे वेगळे आहेत. इथे एक्का सर्वांत मोठा, तिथे सर्वांत लहान. इथे चौकट हुकूम, तिथे इस्पिक. नवा आलेला हात उचलायला जातो, तर दुसराही त्याच पानांवर हात ठेवतो. दोघांनाही वाटतं, समोरचा लबाडी करतोय.

या खेळाचं नाव बार्न्गा. शिवशैलम त्यागराजन यांनी तो 1980 मध्ये लायबेरियात रचला. नाव तिथल्या ग्बार्न्गा गावावरून.

दरवर्षी मी एकच गोष्ट बघते. बहुतेक वेळा माघार घेतो तो बाहेरून आलेला. टेबलावर आधीपासून बसलेल्यांना आपला नियम हा नुसता एक नियम आहे, हे जाणवतही नाही.

खेळानंतर तासभर बोलणं होतं. खरा धडा तोच. एकदा मेळघाटातला, घरी कोरकू बोलणारा मुलगा म्हणाला, ‘मॅडम, मेसमध्ये मी ‘पानी’ म्हटलं तर सगळे हसले. आता मी मागत नाही, उठून घेतो.’ हसणाऱ्यांपैकी दोघी तिथेच बसल्या होत्या. त्या खाली बघत राहिल्या. त्यांना मी रागावले नाही. ‘ण’चा नियम शुद्धतेच्या नावाखाली आम्ही शिक्षकांनीच त्यांच्या हाती दिला होता.

आपलेच नियम असे तपासण्याला एक नाव आहे. मेलानी टर्व्हालोन आणि जॅन मरे-गार्सिया या अमेरिकन डॉक्टरांनी 1998 मध्ये वैद्यकीय शिक्षणासाठी सांस्कृतिक विनम्रतेचा विचार मांडला. दुसऱ्याची संस्कृती शिकून झाली असं कधी म्हणायचं नाही. स्वतःला जन्मभर तपासायचं, आणि सत्ता कोणाच्या हातात आहे तेही पाहायचं. स्वागत-समारंभात एकाच मंचावर लावणी आणि बिहू नाचवणं मला आवडतं, पण त्यात ही तपासणी होत नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या ‘दीक्षारंभ’ कार्यक्रमात नव्या विद्यार्थ्यांसाठी वेळ राखलेला असतो. माझ्या शिक्षक मित्रमैत्रिणींनो, त्यातले दोन तास पत्त्यांना द्या. आणि मुलांबरोबर एका टेबलावर तुम्हीही बसा.