आज हातांनी काय केलं?



प्राचार्यांनी फोनवरच विषय नेमून दिला होता, ‘बायोडाटा अद्ययावत कसा ठेवावा’. मुलांनो, आपली पशुवैद्यकीय पदविका घेऊन तुम्ही सरकारी दवाखान्यात जाल, दूध संघात जाल, बायफसारख्या संस्थेत जाल, नाहीतर माझ्यासारखे पुण्या-मुंबईच्या कुत्र्या-मांजरांच्या रुग्णालयात. तिथे आपल्याला आता व्हेटर्नरी नर्स म्हणतात. अर्ज सगळीकडेच करावा लागतो. ते सांगणारच आहे, पण मघाशी आपल्या या कॉलेजच्या फाटकातून आत आले आणि पाय आपोआप गोठ्याकडे वळले.

खोडा अजून त्याच जागी आहे. तिथेच आम्ही पहिल्यांदा गाईचं तापमान घेतलं, शेपटी बाजूला धरून, थर्मामीटर झटकून. १०१.५ फॅरनहाइट आलं की मागून प्रात्यक्षिकं घेणाऱ्या सरांचा आवाज यायचा, “लिहिलंस का?” सर, तुम्ही समोर बसलाय म्हणून सांगते, तुमच्या त्या शंभर पानी वह्यांचा तेव्हा आम्हाला फार कंटाळा यायचा. माझी वही मी जपून ठेवली आहे. त्यात एक नोंद आहे : ‘ढवळी, तिसरं वेत. मागचं डावं सड गरम, दुधात गुठळ्या. सीएमटी (कासदाहाची चाचणी) केली. सरांना दाखवलं.’ एवढंच. पण त्या चार वाक्यांत जनावर आहे, लक्षण आहे, मी केलेलं काम आहे आणि ते कोणाच्या देखरेखीखाली केलं तेही आहे. उत्तम बायोडाटा याहून वेगळा नसतो.

आणि गोठ्यावरचे मामा! दोर टाकून बैल पाडायचं चित्र पुस्तकात होतं, पण ते हातात आलं तुमच्यामुळे. मेसच्या मावशीही आल्यात. रात्री गाय अडली की आम्ही वासरू बाहेर येईपर्यंत गोठ्यात थांबायचो. परत आल्यावर ताटाखाली झाकलेली भाकरी आणि पिठलं असायचं. मावशी, तुम्हाला आज पहिल्या रांगेत बसवलंय, हे पाहून मला फार बरं वाटलं.

आता विषयाकडे येते. आमच्या रुग्णालयात भरतीचे अर्ज मी वाचते. मध्यंतरी एक मुलगा मुलाखतीला आला. कागदावर जन्मतारीख, उंची, दहावीचे गुण, आवड क्रिकेट, स्वभाव मेहनती. कामाबद्दल एक ओळ नाही. तेवढ्यात पाय मोडलेलं एक भटकं कुत्रं आलं, वेदनेनं चावायला धावत होतं. मुलगा न सांगता उठला. आधी त्याचा श्वास पाहिला, धाप नाही, उलटी नाही, याची खात्री केली. मग बँडेजची पट्टी मागितली, नाकाडावर एक गाठ, जबड्याखाली दुसरी, कानांमागे शेवटची. मुसकं तयार. मी विचारलं, “हे अर्जात का नाही लिहिलंस?” तो म्हणाला, “मॅडम, त्यात काय लिहायचं?”

मुलांनो, हेच लिहायचं! जे तुम्हाला रोजचं म्हणून किरकोळ वाटतं, त्याचाच पगार मिळतो. म्हणून माझा एकच आग्रह आहे, आणि तो मी पुन्हा पुन्हा करणार आहे. रोज रात्री झोपण्याआधी, आज हातांनी काय केलं ते तारखेसह लिहा. मोबाइलवर लिहा, वहीत लिहा, पण त्याच दिवशी लिहा. लाळ्या-खुरकुताचं लसीकरण केलंत, तर गाव कोणतं, जनावरं किती, लस २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये कशी ठेवली. कृत्रिम रेतनात मदत केलीत, तर द्रव नायट्रोजनची पातळी तपासली का, वीर्यकांडी ३७ अंशांच्या पाण्यात किती सेकंद ठेवली. २०२२मध्ये लंपी चर्मरोगाची मोठी साथ आली तेव्हा कित्येक पदविकाधारक दिवसरात्र गोठ्यागोठ्यांतून लस टोचत होते. त्यातल्या अनेकांच्या अर्जात मला त्या कामाची एक ओळही दिसत नाही. काही महिन्यांनी आठवायला बसलात तर असंच होतं. वर्षातून दोनदा त्या नोंदींतून निवडून बायोडाटा नव्यानं लिहा, ताजं काम वर घ्या, दहावीचे गुण खाली ढकला.

एका गोष्टीत मात्र कडक राहा. १९८४च्या भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियमानुसार निदान आणि उपचार हे नोंदणीकृत पशुवैद्यकाचं काम आहे. आपण त्यांच्या देखरेखीखाली, सरकारनं ठरवून दिलेल्या किरकोळ सेवा देतो. गावात लोक प्रेमानं डॉक्टर म्हणतात, पण कागदावर नावापुढे ते लावायचं नाही. ‘शस्त्रक्रिया केली’ नाही, ‘शस्त्रक्रियेत साहाय्य केलं, भूल दिलेल्या जनावराचा श्वास आणि नाडी दर पाच मिनिटांनी नोंदवली’, असं लिहा. खरं आहे आणि वजनदारही आहे. रेबीजची पूर्वप्रतिबंधक लस घेतली असेल तर तारखा द्या. नसेल, तर अर्जाआधी लस घ्या.

पालकांनाही सांगते. मुलगी सुट्टीत घरी आली आणि रात्री वही घेऊन बसली, तर तिला भांड्यांना उठवू नका. दहा मिनिटं तिची तिला द्या.

प्राचार्य सर, बाकीचे मुद्दे राहून गेले, मला कल्पना आहे. उद्या सकाळी मी ग्रंथालयात बसणार आहे. शेवटच्या वर्षाच्या मुलांनी आपापला बायोडाटा घेऊन यावं, एकेकाचा वाचून लाल पेननं दुरुस्त करून देईन. आता बक्षीसवाटप सुरू करूया, मुलं केव्हाची थांबली आहेत.