थापी कुणाच्या हातात?

(कार्यकर्त्यांच्या निवासी शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



शिबिराच्या पत्रकात ‘घरदुरुस्ती’ हा विषय वाचून काल रात्री जेवताना एक मावशी मला म्हणाल्या, “अगं, हिंसाचार, रेशन, पोटगी एवढं सगळं असताना भिंतीला खिळा कसा ठोकायचा यावर काय बोलणार तू?” त्या समोरच बसल्यात आणि हसताहेत. तर त्यांच्यापासूनच सुरुवात करते. मावशी, तुम्ही बांधकामावर किती वर्षं काम केलंत? बावीस. बावीस वर्षं डोक्यावरून घमेली वाहिलीत, विटा पोचवल्यात, माल कालवलात, भिंतींना पाणी मारलंत. त्या बावीस वर्षांत थापी हातात किती वेळा आली?

एकदाही नाही. बिगारी बाई आणि गवंडी पुरुष, हे आपण इतकं धरून चाललोय की ते दिसतच नाही. मजुरीतला फरकही तिथूनच सुरू होतो. आणि हीच बाई संध्याकाळी घरी येते तेव्हा तिच्या घराच्या छपरातून पाणी गळत असतं, आणि ती नवऱ्याला ‘कधी करता’ म्हणून विचारत बसते.

आमची वस्ती टेकडीच्या उतारावर आहे. पत्र्याची, अर्ध्या विटांची घरं, दहा बाय बाराची. तीन वर्षांपूर्वी तिथे आम्ही रविवारी दुपारी दुरुस्तीचा वर्ग सुरू केला. पहिल्या दिवशी चौदा जणी आल्या. मी विचारलं, “तुमच्या घरात तुम्हाला काय बदलावंसं वाटतं?” तर बहुतेकींनी उत्तर दिलं, “ह्यांना विचारून सांगते.” मला राग आला होता, खोटं कशाला सांगू? पण नंतर कळलं, त्यांना हा प्रश्न आजवर कुणी विचारलाच नव्हता. पुढच्या रविवारी मी प्रश्न फिरवला. म्हटलं, घरात तुमचं अंग कुठे दुखतं, कुठे अवघडतं, कुठे भीती वाटते ते सांगा. मग थांबेनात! ओटा बुटका म्हणून कंबर, चूल कोपऱ्यात म्हणून डोळे. आणि एक ताई खाली मान घालून म्हणाली, “मोरीची भिंत दोन वीत वाढवायचीय.”

तिची मोरी दारालगत, भिंत कमरेइतकी, वर साडीचा पडदा. घरात सासरा, मोठा दीर. ती अकरा वर्षं पहाटे चारला उठून, अंगावर परकर ठेवून आंघोळ करत होती. दोन वीत म्हणजे विटांचे सहा-सात थर. अकरा वर्षांत घरात टीव्ही आला, दिराची मोटारसायकल आली, पण तेवढ्या विटा आल्या नाहीत.

आम्ही ती भिंत वर्गातच घेतली. एक घमेलं सिमेंट, पाच घमेली वाळू. विटा आधी भिजवायच्या, नाहीतर त्या मालातलं पाणी ओढून घेतात आणि सांधा सुटतो. प्रत्येक थराला ओळंबा. यातलं निम्मं मी त्या बायकांकडूनच शिकले. सामाजिक कार्याची पदवी घेताना घरांच्या प्रश्नावर मी चांगली जाडजूड टिपणं काढली होती, पण ओळंबा हातात धरला नव्हता. मी रचलेला थर बाहेर आला होता. तो काढून एका बिगारी बाईने पुन्हा नीट लावला. “गवंड्याचं बघून बघून डोळ्याला येतंय की,” म्हणाली. डोळ्याला येत होतं, हाताला कुणी येऊ दिलं नव्हतं.

पावसाळ्यात पत्रे घेतले. पत्रा गळतो याचं कारण बहुतेक वेळा खिळा. तो पन्हळीच्या खोलगट भागात ठोकला की पाणी नेमकं तिथूनच वाहतं आणि भोकातून आत येतं. खिळा उंचवट्यावर ठोकायचा, खाली डांबरी वॉशर घालायचा. एवढं साधं! एकीने मधला एक पत्रा काढून पारदर्शक फायबरचा बसवला आणि दुपारचा दिवा बंद झाला. तिची मुलगी आता त्या उजेडाच्या चौकोनात बसून अभ्यास करते, ऊन सरकेल तशी सरकते.

मोबाइलवर घर सजवण्याचे व्हिडिओ आपण सगळ्याच बघतो. मीही बघते, आवडतात मला. बाटलीची फुलदाणी, जुन्या साडीचे पडदे, भिंतीवर नक्षी. पण त्यात आपल्याला मिळते ती सजावट. सारवणं, रांगोळी, तोरणं, गोधड्या यांतून आपल्या आज्या-पणज्यांनी रंग आणि आकार यांची केवढी जाण कमावली, आणि त्या सगळ्याला घरात शब्द एकच, ‘हौस’. पुरुषाने फळी ठोकली की ते काम, बाईने ती जागा शोधून, मापून, रंगवून दिली की हौस. कामाला मोल असतं. हौसेचा खर्च तर तिच्याच डबीतून निघतो.

या बाबतीत मुंबईच्या बायकांनी आपल्या पुढे रस्ता काढून ठेवलाय. 1985 मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा फूटपाथवासीयांच्या खटल्यातला निकाल आला आणि भायखळ्याच्या फूटपाथवरच्या झोपड्यांवर टांगती तलवार आली. त्याच बायका पुढे ‘महिला मिलन’ म्हणून एकत्र आल्या. आम्हाला घर द्या, एवढंच म्हणून त्या थांबल्या नाहीत. घर कसं हवं ते त्यांनी स्वतः ठरवलं, आणि लाकूड-कापडाचा खऱ्या मापाचा नमुना उभा करून लोकांना दाखवला. छत चौदा फूट उंच, म्हणजे मधे माळा घालून तेवढ्याच जागेत झोपायची दुसरी जागा निघते. त्यातल्या बऱ्याच जणींना लिहिता-वाचता येत नव्हतं. रात्री कोण कुठे झोपतं, हे मात्र पक्कं ठाऊक होतं.

आता आमच्या चुकीचं सांगते. वर्गातल्या एका ताईने वर्षभरात घराचा कायापालट केला. मोरी, ओटा, कपाट, फरशी, सगळं धुण्याभांड्याच्या पैशातून. आम्ही तिचं उदाहरण सगळीकडे सांगत फिरलो. आणि एके दिवशी ती एक वही घेऊन कार्यालयात आली. नवऱ्याने घर विकायला काढलं होतं. घर ‘चांगलं’ झाल्यामुळे भाव आला होता! वहीत सिमेंटच्या पोत्यापासून चुन्यापर्यंत पै-पैचा हिशोब होता, पण दुकानाच्या सगळ्या पावत्या नवऱ्याच्या नावावर. दुकानदाराने विचारलं, “नाव काय लिहू?” तर तिने सवयीने त्याचं सांगितलं. तिला थापी धरायला आम्ही शिकवलं, पावती कुणाच्या नावाची घ्यायची ते शिकवलं नाही.

2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम 17 प्रमाणे, घर नावावर असो वा नसो, बाईला सामायिक घरात राहण्याचा हक्क आहे. कलम 19 खाली ते घर विकायला मनाई मागता येते. आम्ही अर्ज केला, तात्पुरता मनाई हुकूम मिळाला. ती आज त्याच घरात राहते, तारखा चालू आहेत. नवरा मधूनमधून येतो, आणि तिने केलेल्या ओट्यावर चहाचा कप ठेवून म्हणतो, “घर माझं आहे.”

तेव्हापासून वर्गाचा पहिला रविवार कागदांचा असतो. पावती आपल्या नावाची मागायची. फोटोपासवर दोघांचा फोटो आहे का, गावाकडे पंचायतीच्या नमुना आठवर आपलं नाव लागलंय का, हे बघून यायचं. कंटाळतात बायका. “ताई, भिंत कधी?” म्हणतात. मी आधी कागद बघते, मग घमेलं काढते.

बरं, जेवणानंतर मागच्या पडवीत विटा भिजत घातल्यात. ओळंबा एकच आहे आणि थाप्या चार, तेव्हा पाच-पाच जणींनी या. मावशी, पहिल्या गटात तुम्ही.