पुलावर सुचलेली ओळ

अब्बा गेले त्या वर्षी माझी कविता थांबली. झोप उडाली. रोजच्या वापरातले शब्दसुद्धा ऐनवेळी आठवेनात. कवीला याहून मोठी भीती कोणती? डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, शिवाय रोज चालायला सांगितलं. मनात म्हटलं, दुःखाला हे काय औषध! तरी फजरच्या नमाजानंतर मशिदीतून थेट घरी न येता नदीकाठाने निघू लागलो.

पुढे एका प्रयोगाविषयी वाचलं. अमेरिकेतल्या 120 ज्येष्ठांवरचा हा प्रयोग 2011 साली प्रसिद्ध झाला. निम्मे जण आठवड्यातून तीनदा 40 मिनिटं चालले. उरलेल्यांनी स्नायू ताणण्याचे हलके व्यायाम केले. वर्षाअखेरीस चालणाऱ्यांच्या मेंदूतला हिप्पोकॅम्पस, म्हणजे आठवणी घडवणारा भाग, सुमारे 2 टक्के वाढलेला दिसला. इतरांचा आक्रसला होता. उतारवयात तो आक्रसतोच.

माझा मेंदू कुणी मोजला नाही. गोळ्याही चालू होत्या, त्या डॉक्टरांना विचारूनच पुढे सोडल्या. पण तिसऱ्या महिन्यात पुलावर एक ओळ सुचली. खिशात कागद नव्हता. ती घोळवत घरी आलो आणि चपला न काढताच बायकोला म्हणून दाखवली.