यक्षाला सोंग द्यावे

श्रोतेहो, बौद्ध ग्रंथ वाचायला बसलेला आजचा तरुण एका ठिकाणी हमखास अडखळतो. बुद्ध हा माणूस होता, त्याने माणसाला विचार करायला शिकवले, हे ऐकून तो मोठ्या उमेदीने पुस्तक उघडतो. चार पाने उलटतात न उलटतात तोच समोर यक्ष उभा! पुढे मार येतो, माराची सेना येते. मग तो विचारतो, “सर, आता यांचं करायचं काय?”

याला दोन उत्तरे ठरलेली आहेत. श्रद्धाळू म्हणतो, यक्ष होतेच, मुकाट्याने मान. चिकित्सक म्हणतो, ती पाने कापून टाक. पहिल्याने विचार सुटतो, दुसऱ्याने गोष्ट सुटते. मला वाटते, तिसरी एक वाट आहे आणि ती आपल्या मराठी माणसांनीच घालून दिली आहे.

फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवणारे धर्मानंद कोसंबी हे मूळचे गोव्याचे. त्यांनी ग्रंथाला कात्री लावली नाही. एका ग्रंथाशेजारी दुसरा ग्रंथ ठेवला. म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी पाहून सिद्धार्थ घराबाहेर पडला, ही गोष्ट आपण शाळेपासून ऐकतो. कोसंबींनी दाखवले, की दीघनिकायात ती सांगितली आहे विपस्सी नावाच्या पूर्वीच्या बुद्धाविषयी. उलट सुत्तनिपातातल्या अत्तदंडसुत्तात बुद्ध स्वतःविषयी बोलतो, तेव्हा आटत्या पाण्यात तडफडणाऱ्या मासळीसारखी एकमेकांशी झगडणारी माणसे पाहून आपल्याला धास्ती वाटली, असे सांगतो. मासळीची ही उपमा आम्हां किनाऱ्यावरच्यांना वेगळी उलगडून सांगायला नको! डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा बुद्धावरचा इंग्रजी ग्रंथ १९५७ साली, त्यांच्या पश्चात, प्रसिद्ध झाला. त्यांनीही चार दृश्यांची कथा नाकारली आणि रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य व कोलिय यांच्यात पेटलेला तंटा पुढे आणला.

हेच जुने सुत्तनिपात हाती घेऊन यक्षाकडे वळू या. गयेला सूचिलोम नावाचा यक्ष राहत होता. सूचिलोम म्हणजे ज्याच्या अंगावर सुयांसारखे केस आहेत तो. बसलेल्या बुद्धाला पाहून त्याचा सोबती म्हणतो, हा श्रमण आहे. सूचिलोम म्हणतो, खरा की खोटा, ते आत्ता पाहतो. आणि तो आपले काटेरी अंग बुद्धाच्या अंगावर टेकवतो. बुद्ध अंग मागे घेतो. यक्षाला वाटते, जिंकलो! तो विचारतो, “भ्यालास ना?” बुद्ध सांगतो, भ्यालो नाही, पण तुझा स्पर्श वाईट आहे. पाहा, यात चमत्कार कुठे आहे? सुई टोचली तर अंग मागे घ्यावे, एवढेच. टोचणे आणि भिणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

मग यक्षच प्रश्न टाकतो : लोभ, द्वेष, भय ही येतात कुठून? उत्तर मिळते, ती माणसाच्या आतूनच निघतात, वडाच्या खोडातून पारंब्या निघाव्यात तशी. श्रोतेहो, ग्रंथाचा विवेकी अर्थ आपण बाहेरून आणून चिकटवायला नको. तो ग्रंथाने राक्षसाच्याच तोंडून विचारून घेतला आहे. माराच्या सेनेचेही तेच. पधानसुत्तात तिची नावे दिली आहेत : पहिली सेना कामवासना, तिसरी भूक-तहान, पाचवी आळस, सहावी भीती, सातवी शंका. यांपैकी एक तरी पलटण आपल्या ओळखीची नाही, असे कोण म्हणेल?

इथे कोणी म्हणेल, मग नुसता बोधच सांगा, यक्ष कशाला? त्याला आमच्या कोकणातला शिमगा उत्तर देईल. काळा अंगरखा, उंच टोपी, पांढरी दाढी आणि कमरेला घुंगरं बांधून संकासुर येतो, तेव्हा पोरं किंचाळत पळतात आणि लगेच खिदळत परत येतात. टोपीखाली कोण आहे, हे साऱ्या वाडीला ठाऊक असते. तरीही छाती धडधडते ती खरीच. भीतीला हात लावून पाहण्याची ही सोय आहे, आणि ती व्याख्यानाने होत नाही.

अमेरिकेत १९७४ साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा खेळ निघाला. चारचौघे टेबलाभोवती बसतात, सोंगे घेतात, फासे टाकतात आणि राक्षसांशी सामना करतात. त्याच्या १९७७ सालच्या राक्षसकोशात आपला राक्षसही आहे बरं का! त्याला वाघाचे डोके लावले आहे, आणि मंतरलेला बाण लागला की तो मरतो. जुनी भुते अशी परदेशात नवी होऊन खेळतात, आणि आमचा गिऱ्हा, खवीस, वेताळ मात्र कंटाळून बसले आहेत.

पण सोंग आणि समजूत यांतली रेघ पुसली, की खेळ जिवावर बेततो. साप चावलेल्या पोराला दवाखान्याऐवजी भगताकडे नेले, तर गेलेली घटका परत मिळत नाही. एखाद्या विधवेला गावाने चेटकीण म्हटले, तर तो मुखवटा तिला संध्याकाळी उतरवून ठेवता येत नाही. जादूटोण्याविरुद्ध महाराष्ट्राने २०१३ साली कायदा केला, तो यासाठीच. सोंगाची कसोटी साधी आहे : ते घेणाऱ्याने राजीखुशीने घेतलेले असावे आणि त्याला ते उतरवता यावे.

चिकित्सकांनाही एक सांगणे आहे. आळवक यक्ष बुद्धाला धमकावून विचारतो, माणसाचे श्रेष्ठ धन कोणते? बुद्धाचे पहिले उत्तर आहे, श्रद्धा. ते आपल्याला अडचणीचे वाटते म्हणून गाळायचे नाही. त्याच संवादात सर्वांत गोड रस सत्याचा आणि सर्वांत उत्तम जगणे प्रज्ञेचे, असेही म्हटले आहे. तीन्ही उत्तरे एकत्र ठेवावीत आणि भांडावे. वाचणे म्हणजे तरी दुसरे काय?

आमच्या काशीदहून राजपुरीच्या खाडीकडे गेले, की कुड्याची लेणी लागतात. तिथल्या शिलालेखांत दान देणाऱ्यांची नावे आहेत. त्यांत माळी आहे, वैद्याच्या घरचा माणूस आहे, लोखंडाचा व्यापारी आहे. म्हणजे हा विचार या किनाऱ्यावर हातांनी काम करणाऱ्यांनी जपला होता. तेव्हा माझी सूचना अशी : येत्या बुद्धपौर्णिमेला मुलांनी सूचिलोमाचे सोंग काढावे. काथ्याचे केस लावावेत, सुरूच्या काटक्या खोचाव्यात, हवे तेवढे ओरडावे. बुद्ध झालेल्या मुलाने अंग मागे घ्यावे, पण जागा सोडू नये. आणि यक्षाने शेवटी प्रेक्षकांकडे वळून विचारावे, “तुम्ही कशाला भिता?” उत्तरे मात्र मोठ्यांनी द्यावीत, आणि खरी द्यावीत.