देवाचे वस्त्र आणि विणकराचे घर



देवळाचे दगड पाथरवटाने घडवले, दारे सुताराने केली, हे सर्वांना ठाऊक असते. मूर्तीच्या अंगावरचे वस्त्र कोणाच्या हातचे, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही.

महाराष्ट्रात साळी, कोष्टी, पद्मशाली, मोमीन अशा अनेक समाजांनी विणकामाचा धंदा पिढ्यान्‌पिढ्या सांभाळला. त्यांपैकी देवांग कोष्टी समाजाची कुलदेवता श्रीचौंडेश्वरी. समाजात कथा सांगतात, की देवल मुनी श्रीविष्णूंच्या नाभिकमळाचे तंतू घेऊन निघाले असता असुरांनी वाट अडवली. देवीने असुरांचा संहार केला आणि त्या तंतूंची वस्त्रे देवांना मिळाली. म्हणून विणणे ही या समाजाला केवळ पोटाची सोय वाटत नाही, ती सेवा वाटते.

ही सेवा एकट्याच्या हातून होत नाही. मागावर बसणाऱ्याचे पाय पावड्यांवर आणि हात धोट्यावर असतो. पण त्याआधी सूत उकलणे, रहाटावर कांड्या भरणे, ताणा करणे, खळ लावणे, धागे सांधणे ही कामे घरातल्या बायका व म्हातारी माणसे करतात. मजुरी मात्र बहुधा नगावर मिळते आणि एकाच नावावर लिहिली जाते. २०१९-२० च्या हातमाग गणनेत देशात सुमारे ३५ लाख हातमाग कामगार नोंदले गेले. त्यांत शेकडा ७२ स्त्रिया होत्या.

इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग सुरू केला. यंत्रमागामुळे गाव भरभराटीला आले, पण हातमाग मागे पडला. १९८५ साली केंद्र सरकारने कायदा करून काही प्रकारचे कापड हातमागासाठी राखून ठेवण्याची सोय केली. असे प्रकार आरंभी २२ होते, पुढे ११ उरले. तथापि नुसत्या कायद्याने माग चालत नाही, त्याला गिऱ्हाईक लागते.

तरी देवासाठी वस्त्र घेताना ते हातमागाचे आहे का, हे पाहावे. देवाच्या नावावर भाव पाडून मागू नये. त्या दामात घरातल्या प्रत्येक हाताची मजुरी असते. देणगीदारांची नावे देवळाच्या फरशीवर कोरली जातात, ते योग्यच आहे. विणकराचे नाव वस्त्रावर कोठेच नसते. त्याचा मान योग्य दाम देऊनच राखला जातो.